आबांच्या पुस्तकातलं ‘निल’

मी शाळेत क्लार्क होते. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात, आणि खोटं कशाला बोलू, त्या रजिस्टरचा मला माज होता. कोणी आईबाप पोराची जन्मतारीख बदलून मागायला खिडकीशी आले की मी मान वर न करता सांगायची, रजिस्टरात आहे तीच खरी. आमच्या रजिस्टरात अर्धी वसाहत एक जूनला जन्मलेली होती. एवढ्या बायका एकाच दिवशी बाळंत होत नाहीत हे काय मला कळत नव्हतं? पण नोंद ती नोंद. ज्यांनी माझा हा माज उतरवला त्या माणसांबद्दल लिहायला बसले आहे. त्यांतलं आज कोणीच राहिलेलं नाही. उपकार फिटायचे तर नाहीतच, निदान लिहून तरी ठेवते.

आबा म्हणजे माझे वडील. पलटणीत मशीनगनवर होते. आधी महायुद्धात ब्रह्मदेशात, मग देश स्वतंत्र झाल्या झाल्या काश्मीरच्या डोंगरात. त्यानंतर लवकरच घरी आले आणि नाशिकरोडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. मी बघत आले ते असे आबा, खाकी कपडे, हातात काठी, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून पलटणीच्या गोष्टी.

मशीनगनला पाणी लागतं, हे मला आबांमुळे कळलं. एकसारखी चालवली की तिची नळी तापते, म्हणून नळीभोवती पाणी खेळवावं लागतं. पाणी संपलं की गन बसली, आणि गन बसली की माणसं मेली. आबांकडे त्या पाण्याचं काम होतं. डबा घ्यायचा, जिथे मिळेल तिथून भरायचा आणि वर आणायचा. गावी आमच्या माणसांनी विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतेल तेवढं ओंजळीत घ्यायचं, अशी रीत होती. आबा म्हणायचे, गावात माझा हात लागलेलं पाणी चालत नव्हतं आणि इथे माझ्या हातच्या पाण्यावाचून सरकारची गन चालत नव्हती. हे सांगताना ते हसायचे. लहानपणी मीही हसायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या वसाहतीला एकच नळ, तोही सकाळी तासभर. पहाट सरली की हंड्या-कळश्यांची रांग लागायची आणि रांगेत भांडणं. आबांनी यावर उपाय काढला. ड्युटीवर जायच्या आधी ते आमचे दोन हंडे घेऊन रांगेत उभे राहायचे आणि गोष्ट लावून द्यायचे. लोक ऐकायचे, भांडणं कमी व्हायची. रोज थोडी थोडी. पाणी आलं की गोष्ट बंद, राहिलेली उद्या.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, अकरावी मॅट्रिकला. इंग्रजी वाचता येत होतं आणि ते डोक्यात गेलं होतं. माजी सैनिकांच्या मुलांना फी माफ असायची, तिच्यासाठी आबांच्या डिस्चार्ज पुस्तकाची नक्कल हवी होती. आईनं ट्रंकेतून पुस्तक काढून दिलं. ते तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी जुन्या पातळाच्या फडक्यात आणि फडकं परत पिशवीत, असं गुंडाळून ठेवलेलं होतं. मी नक्कल करायला बसले. नाव, नंबर, उंची, छाती, अंगावरच्या खुणा. पुढे एक रकाना पदकांचा. त्यात लिहिलं होतं, निल.

तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. लढायांत होते म्हणतात, ब्रह्मदेश म्हणतात, काश्मीर म्हणतात, आणि पुस्तकात निल? म्हणजे इतकी वर्षं आपला बाप फेकत होता? मी कोणाला बोलले नाही, आबांना विचारलंही नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सतराव्या वर्षी माणूस विचारतं कुठे, ठरवूनच बसतं.

दोन-चार दिवसांनी रांगेत आबा काश्मीरची गोष्ट सांगत होते. मीही तिथे होते, अभ्यासाचं पुस्तक नाकासमोर धरून. गोष्ट ऐन रंगात आलेली. डोंगराच्या कड्यावर गन, सकाळपासून चालून चालून तापलेली, पाणी संपलेलं. आबा डबा घेऊन खाली ओढ्याला उतरतात. “डबा भरला,” आबा म्हणाले, “आणि वर बघतो तर...”

तेवढ्यात शेजारच्या मावशींनी मध्येच विचारलं, मग सरकारनं तुमच्या छातीला काय लावलं का नाय? त्यांचा स्वभाव थट्टेखोर, मनात काही नव्हतं. आबा म्हणाले, दिलं असेल की, येईल कधीतरी. लोक हसले. आणि मला काय झालं कोण जाणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“कुठून येईल?” मी म्हणाले. “पुस्तकात निल लिहिलंय. निल म्हणजे काही नाही.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मावशी हसल्या नाहीत, एवढं मला आठवतंय. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग हंड्यांकडे. पाणी आलं नव्हतं तरी रिकामे हंडे उचलून ते घराकडे गेले. त्या दिवशी आमच्याकडे पाणी मावशींनी भरलं.

त्यानंतर आबांनी गोष्ट सांगितली नाही. रागावले नाहीत, अबोला धरला नाही, मला टायपिंगच्या क्लासला घातलं, नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले, लग्न लावून दिलं. सगळं केलं. फक्त पलटणीचं नाव तोंडातून काढलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, सोडा हो, फार दिवस झाले. अकरा वर्षं असं चाललं. पहिल्या वर्षातच मला कळून चुकलं होतं की आपण काय केलं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं, ते काही कळत नव्हतं.

लग्नानंतर मी जवळच राहत होते. शाळा सुटली की आधी आईकडे चहा, मग घर. एका वर्षी आमच्या हेडमास्तरांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला माजी सैनिकाला पाहुणा बोलवायचं. म्हणाले, बाई, तुमचे वडीलच आहेत की, बाहेर कशाला शोधायचं? मी खुशीत घरी गेले आणि सांगितलं. आबा भाकरी खात होते. घास तोंडात होता तो चावून गिळला आणि म्हणाले, “माझ्या पुस्तकात काही नाही. पोरांना काय सांगू?”

अकरा वर्षांनी माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं, तेही न रागावता. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले आणि ओट्यावर बसून रडले. आई मागून आली. म्हणाली, “रडून काय हुतंय? तू शिकलेली हायेस ना? मग लिही की सरकारला.” आई शाळेत गेलेली नव्हती. पण कुणाच्या ज्ञानाचा उपयोग कुठे करायचा, हे तिला चांगलं कळायचं.

मी लिहिलं. शाळेच्या टाइपरायटरवर तीन पानी अर्ज. माझे वडील कसे शूर, त्यांच्यावर कसा अन्याय, न्याय मिळावा ही विनंती. सहा महिन्यांनी उत्तर आलं, चार ओळींचं. आपल्या वडिलांच्या अभिलेखात पदकांची नोंद आढळत नाही, सबब आपली विनंती मान्य करता येत नाही. मी ते वाचलं आणि कान तापले. आढळत नाही, सबब मान्य नाही. हे तर मीच! रोज खिडकीतून मी हेच सांगत होते, एवढंच की त्यांचा कागद टाइप केलेला होता.

ते पत्र घेऊन मी जिल्ह्याच्या माजी सैनिकांच्या कचेरीत गेले. तिथे एक रिटायर्ड हवालदार क्लार्क होते. जाड भिंगांचा चष्मा, कानावर लाल पेन्सिल, टेबलावर पिवळ्या पडलेल्या फायलींची चळत. मी अर्जाची नक्कल पुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, लाल पेन्सिलीने उभी रेघ मारली. दुसरं वाचलं, रेघ मारली. तिसरं वाचलंच नाही. म्हणाले, बाई, तुम्ही निबंध लिहिलाय. मार्क चांगले पडतील, पदक नाही मिळायचं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. डिस्चार्ज पुस्तक हे माणूस घरी जाताना घाईत भरलेलं असतं, ते चुकतं. पण पलटणीत रोजचे हुकूम निघायचे. कोण कुठे हलला, कोण रजेवर गेला, कोण दवाखान्यात, कोण लढाईच्या भागात किती दिवस, सगळं त्यात तारीखवार लिहिलेलं असायचं. त्या हुकमांच्या फायली रेकॉर्डवाले फेकत नाहीत. “पदक मागूच नका,” ते म्हणाले. “हा नंबरचा शिपाई अमुक काळात कुठे होता, एवढंच विचारा. ते एकदा त्यांच्याच कागदात निघालं की पदक त्यांनाच द्यावं लागतंय.”

इतकं सरळ होतं हे. मला स्वतःला सुचायला हवं होतं. जनरल रजिस्टर चुकलं तर आम्हीही हजेरीचे जुने तक्ते काढून बघतोच की. म्हणजे बघता येतात. मी कधी बघितले नव्हते, हा भाग वेगळा.

पण त्यांना आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे त्याच गनवरचा कोणी साक्षीदार. दुसरी म्हणजे पुस्तकात निल आलं कसं, याबद्दल आबांचा स्वतःचा जबाब. पुस्तकावर खाली त्यांची सही आहे, हे वर विचारलं जाणार, असं हवालदारकाकांचं म्हणणं. मी त्यांना काका म्हणायला लागले होते, त्यांनी चालवून घेतलं.

आबा कचेरीत यायला तयार होईनात. मी समजावलं, हेडमास्तरांचा निरोप सांगितला, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आईनं त्यांचा धुतलेला सदरा खुंटीवरून काढून पुढ्यात टाकला. म्हणाली, पोरगी अकरा वर्षं झुरती हाय, तेवढ्यासाठी तरी चला. आबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. मग त्यांनी सदरा घातला.

कचेरीत काकांनी आबांना नंबर विचारला. आबा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले आणि नंबर सांगितला, एका दमात, हिंदीत. घरी सोडा हो म्हणणारा माणूस! काकांनी त्यांना बसवलं आणि विचारलं, निल कुणी सांगितलं?

“मीच सांगितलं,” आबा म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. घरी जायच्या दिवशी सगळ्यांना एका ओळीत उभं केलेलं. पुढे टेबल, टेबलावर बाबू. सरकारी सामान जमा करायचं. बाबू यादी वाचायचा आणि शिपायानं एकेक वस्तू काढून ठेवायची. बूट? है साब. ब्लँकेट दो? है साब. मच्छरदाणी? है साब. पाण्याची बाटली? है साब. है म्हटलं आणि वस्तू दाखवता आली नाही तर पेशी, म्हणजे साहेबापुढे चौकशी. पेशी लागली की गाडी चुकली, घर लांबलं. म्हणून सगळे जपून बोलत होते. बाबूने सामानाची यादी संपवली, मान वर न करता दुसरं पुस्तक ओढलं आणि त्याच सुरात विचारलं, मेडल?

“माझ्याकडे मेडल नव्हतं,” आबा म्हणाले. “ती निघाली आहेत असं ऐकलं होतं, पण हातात कोणाच्या आली नव्हती. पेटीत नाही ते आहे कसं म्हणू? मी म्हणालो, नहीं है साब. त्यानं लिहिलं. मी सही केली.”

काकांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मग म्हणाले, त्या टेबलावर मी पण बसलोय, तुमच्या पलटणीत नाही पण दुसरीकडे. असंच विचारायचो, दोन्ही याद्या एका दमात. किती जणांच्या पुस्तकात निल लिहिलं असेल कोण जाणे. माणूस समोर उभा असायचा, पण बघायला वेळ कुणाला होता?

माझ्या खिडकीशी येणारी माणसं डोळ्यांपुढे उभी राहिली. शेतावरून, कारखान्यातून घाईने आलेली. मी विचारायची, नाव? आडनाव? जन्मतारीख? आणि ती बिचारी गप्प राहिली की मीच म्हणायची, एक जून लिहू का? हो बाई, लिहा. मी लिहायची. आमच्या आबांनी खोटं सांगितलं नव्हतं हो. एक अक्षरही नाही. पेटीत नाही म्हणून नाही म्हणाले, आणि त्यांच्या त्या खरेपणावर मी नळाच्या रांगेत लोकांना हसवलं होतं. त्या दिवसानंतर मी खिडकीची रीत बदलली. आलेल्या माणसाला आधी बसा म्हणायचं, मग वही उघडायची. याचं श्रेय माझं नाही, त्या दोन म्हाताऱ्यांचं आहे.

आता साक्षीदार. आबा म्हणाले, माझा गनवरचा जोडीदार मनमाडला आहे. पण त्याच्याकडे जायला ते राजी नव्हते. त्याचा पाय माझ्यापायी गेला, म्हणाले, आणि आता मी पदकासाठी त्याच्या दारात जाऊ? मी म्हणाले, मग मी जाते.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मनमाड गाठलं. जोडीदार रेल्वेच्या फाटकावर नोकरी करून निवृत्त झाले होते. स्टेशनामागच्या वस्तीत घर सापडायला वेळ लागला नाही. लंगडे फौजी म्हटलं की पोरंटोरंही दाखवत होती. दारातच बाजेवर बसलेले, एक गुडघा न वाकणारा, पाय सरळ पुढे. आत भिंतीवर खिळ्याला त्यांची पदकं टांगलेली. ते जखमी होऊन दवाखान्यातून परस्पर घरी आले होते, त्या टेबलापुढे उभं राहायची वेळच त्यांच्यावर आली नाही, म्हणून त्यांचे कागद बरोबर होते.

मी कोण ते सांगितलं, तर बाई, त्यांनी घर डोक्यावर घेतलं. सुनेला हाक मारली, चहा, वर पोहे, वर पुन्हा चहा. मी कागद काढला. ते म्हणाले, लिही. दोघं एका गनवर हुतो. एकाच डोंगरावर हुतो. माझा पाय गेला त्या दिवशी तो माझ्याबरूबर हुता. बस, यापरीस जास्त नको. मी लिहिलं. मग मला राहवेना. मी विचारलं, काका, त्या दिवशी झालं काय? आबांनी डबा भरला आणि वर बघितलं, एवढंच मला माहीत आहे.

“अन् म्होरचं?”

“पुढचं मी ऐकलं नाही.”

का, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. नळ, रांग, निल, सगळं. कोणासमोर कबूल केलं नव्हतं ते एका परक्या माणसासमोर. सांगून झाल्यावर ते आपल्या त्या सरळ पायावरून हात फिरवत राहिले.

“मंग ते त्याच्याकडनंच ऐक,” ते म्हणाले. “म्या सांगितलं तर तुझं काम हुईल. त्याचं नाय व्हायाचं.”

मी त्या रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते मनमाडच्याच एका वकिलाकडे आले आणि स्टँपपेपरवर सही केली. येताना त्यांची पदकं सदऱ्यावर लावून आले होते. वकिलाला म्हणाले, कागदात लिवा की त्यालाबी हीच पायजेत.

प्रतिज्ञापत्र वाचून हवालदारकाका टेबलावर थाप मारत म्हणाले, झालं काम! जोडीदाराच्या जखमेची तारीख सरकारच्या कागदात आहेच. त्या तारखेला शेजारी कोण होतं, हे जखमी माणूस स्वतः सांगतोय. यावर रेकॉर्डवाले काय बोलणार? नवा अर्ज त्यांनीच सांगितला, मी टाइप करून आबांच्या पुस्तकासोबत पाठवला. अकरा ओळी. त्यात शूर हा शब्द एकदाही नव्हता.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आमचं वर्ष उलटलं. त्या वर्षात काकांनी दर महिन्याला एक स्मरणपत्र पाठवलं, न सांगता, आपण होऊन. मला नंतर फायलीत त्यांच्या नकला दिसल्या. आई रोज विचारायची, आलं का? आबा काही विचारत नव्हते. पण पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की पेपर खाली घ्यायचे.

शेवटी आलं ते पोस्टमनच्या हातून नाही. एका शनिवारी दुपारी शाळा सुटून मी आईकडे आले, तर दारात काकांची सायकल. इस्त्रीचा कोट घालून, घामाघूम होऊन ते बाहेरच्या खोलीत बसलेले, मांडीवर पार्सल. शेजारच्या मावशीही येऊन बसल्या होत्या. आमच्याकडे काही आलं आणि त्यांना कळलं नाही असं कधी झालं नाही. काका म्हणाले, तुमच्यासाठीच थांबलोय बाई. त्यांनी आबांचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “वाचा. मोठ्याने.”

आईनं गुंडाळून ठेवलेलं तेच पुस्तक. तोच रकाना. निलवर एक आडवी रेघ होती, आणि वर लाल शाईने दोन ओळी. बाजूला बारीक सही आणि गोल शिक्का. मी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. महायुद्धाचं पदक. काश्मीरचं पदक. सतराव्या वर्षी रांगेत माझा आवाज खणखणीत निघाला होता. त्या दुपारी धड फुटेना. पहिली ओळ दोनदा वाचावी लागली.

आबा मोरीत जाऊन हात धुऊन आले. पार्सल उघडलं. पदकं तळहातावर घेऊन त्यांनी जरा वरखाली केली. हलकी आहेत की, म्हणाले. आई म्हणाली, एवढुशासाठी एवढी वणवण! आणि पदराने डोळे पुसायला लागली. काका उभे राहिले, आबांच्या सदऱ्यावर दोन्ही पदकं लावली, एक वाकडी झाली ती काढून पुन्हा लावली. मग दोन पावलं मागे सरून बघितलं. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, अहो, माझ्या पाया कशाला, माझ्या डोक्यावरचं एक तरी निल खोडलं गेलं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला आबा शाळेत आले, पोरांपुढे बोलले, ते नंतरचं. मनमाडच्या काकांना आम्ही पदकं दाखवायला गेलो, दोघं म्हातारे एका बाजेवर बसून दिवसभर हसत होते, तेही नंतरचं. पण त्या दुपारी चहा झाला, कपबश्या गोळा झाल्या, आणि आबांनी सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघितलं.

“कुठवर आलो होतो गं आपण?”

विचार करायची गरजच नव्हती. बारा वर्षं मला तेवढंच पाठ होतं.

“डबा भरला होता, आबा,” मी म्हणाले. “वर बघितलं होतं.”

“हां. तर डबा भरला, आणि वर बघतो तर सगळे कडे सारखेच. नुसता धूर. आपली गन कुठल्या कड्यावर, काही कळेना. पाणी हातात, पण जाऊ कुठं? चुकीच्या कड्यावर चढलो असतो तर मी तर संपलोच असतो, आणि वर गनपण बसली असती. तेवढ्यात एका कड्यावर हा मनमाडचा बाबा उभा राहिला. सरळ, उघड्यावर. अंगातलं बनियन काढून हलवायला लागला. मला वाट दिसावी म्हणून. मी खालून ओरडतोय, अरे बस खाली, बस खाली. त्याला काय ऐकू जातंय? गुडघ्यात गोळी बसली. तरी एका पायावर उभा. मी वर पोचेस्तोवर तो काही बसला नाही. डबा त्याच्या तोंडाला लावला, तर ढकलला त्यानं. आधी गनला, म्हणाला. गनला ओतलं. मग उरलेलं तो प्याला, माझ्या हातचं.”

मावशी डोळे पुसत होत्या. काकांनी कोटाचं बटण उगीचच काढलं आणि लावलं. आबा थांबून पाण्याचा घोट घेत होते, गोष्ट अजून बरीच बाकी होती. या वेळी मी मध्ये बोलले नाही.